दीड इंच

क्यू आली ती छत्रीच्या जुन्या कापडात,
दोन ठिकाणी सुतळी.
पाटणकर बाजारात माझं दुकान विचारलं तर लोक
आधी क्रिकेटच्या बॅटींकडे धाडतात.
तोही तिकडून फिरून आला, घामानं भिजलेला:
विनीत काटकर, आजोबा क्लबात मार्कर.
“किती येतील?” उभ्यानंच.

बस, म्हटलं. पंखा त्या बाजूला वळव.
मे महिन्यातलं लाकूड आणि मे महिन्यातला माणूस,
दोघांचाही अंदाज घाईनं घेऊ नये.

काचेवर लोटली.
टोकाखालून उजेड दिसला, केसाएवढा.
ग्वाल्हेरचे साठ उन्हाळे धरले
तर एवढं माफ.

दांडा अॅशचा. हे बाण बघ,
रेषांचे, एकात एक घुसलेले.
असा दांडा मिळायला कुणीतरी फळ्यांवर वाकून
दहा नाकारलेल्या असतात.
मागे आबनूस, चार सांधे,
आणि चौघांची टोकं जरा गोल, जरा वरखाली.
सुईसारखी असती, सारखी असती,
तर तुला चहा पाजून परत पाठवला असता.
हे हाताचं काम आहे.

बॅज हस्तिदंताचा नाही रे, हाडाचा.
भिंग धर. काळे ठिपके दिसतात?
कधीकाळी त्यातून बैलाचं रक्त वाहत होतं.
सुई तापवून टोचणारे आहेत या धंद्यात,
त्यांच्या हातात देऊ नकोस.

तो हळूच म्हणाला,
“आत्या हिनं कपडे काढते. वलणीवरचे.”
ते दिसतच होतं. पितळी टोपणाखाली पाण्याचा डाग,
बाजूला खिळ्याचं भोक.
“आकडा काढून घरी ठेवलाय,”
जणू त्याचेही वेगळे पैसे मिळतील.

मग टेप लावली. साडेपंचावन्न.
पुन्हा लावली.
बुडाशी वजनाचा शिक्का असतो, औंसांचा;
तिथे एकाचा नुसता वरचा शेंडा,
बाकी सगळं करवतीखाली गेलेलं.

कापलीय.
अख्खी असती तर चाळीस हजार,
पत्र्याची पेटी असती तर त्याहून वर.
आता पाच. गिऱ्हाईक हट्टी निघालं तर सहा.

कुणीतरी बुटकं खेळत होतं, मी म्हटलं.
“आजोबा सहा फुटी. गुणफलकाला स्टूल लागायचं नाही.”
मग मी मूठ उजेडात फिरवली.
सपाट भागाच्या कडेला अंगठ्याची झीज,
लहान अंगठ्याची,
आणि आबनुसावर बारीक आडवे ओरखडे,
काच घासते तसे. बांगडीची काच.
दोघंही त्या ओरखड्यांकडे बघत बसलो.
मग त्यानं फोन लावला, स्पीकरवर.

“सगुणाआत्या, काठी कापली कुणी?”
बराच वेळ नुसता कूलर.
“मीच. मार्करच्या खोलीत कोपर मागं नेलं
की बूड भिंतीला आपटायचं.
बाबा म्हणाले, भिंत क्लबाची आहे, काठी आपली.
करवत त्यांनीच आणून दिली.”

चेंडू कुठले? मी मध्येच विचारलं,
कोण बोलतंय ते न सांगता.
“लिंबं. चटईवर.
एक लाल होता, टवका उडालेला,
तो फक्त दिवाळीत.”
आणि टेबलावर?
“टेबल मी खिडकीतून पाहिलंय.”
मग तिनंच विचारलं, “काय देताहेत?”
“पाच.”
“बरं. मग कपडे कशानं काढायचे
तेही विचारून ये.”

मी वही उघडली.
अॅश, आबनूस, हाताचे सांधे, हाडाचा बॅज.
लांबी साडेपंचावन्न.
‘दोष’ या रकान्यात आजवर
वाळवी, भेग, वॉर्निश असलं काहीबाही लिहिलंय.
त्या दिवशी लिहिलं: भिंत.

किमतीचा रकाना भरेपर्यंत
विनीत सुतळी बांधायला लागला होता.
थांब, म्हटलं,
आणि टिप तेवढी नवी बसवून दिली,
चामड्याची, कानशीनं गोल करून.
ऐंशी रुपये.
ते मात्र घेतले.